साइट सांभाळणाऱ्याचीही परीक्षा घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : बांधकाम साइटच्या प्रमुखासाठी सक्षमता प्रमाणपत्र



२०२३ साली आपण एक नियम लागू केलात. घरविक्री करणाऱ्या एजंटाने प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि सक्षमता प्रमाणपत्र हातात आल्यावरच व्यवसाय करायचा. त्याच वर्षी ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड आला. दोन्ही निर्णय ग्राहकाच्या भल्याचे होते. कार्पेट एरिया विचारला की भलताच आकडा ठोकून देणाऱ्यांना त्यामुळे चाप बसला. परीक्षा घेतली की धंद्याला शिस्त लागते हे आपल्याला पटलेलं आहे, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

कारण फ्लॅट विकणाऱ्याची परीक्षा झाली, पण ज्याच्या देखरेखीखाली तो फ्लॅट उभा राहतो त्याची झालेली नाही. कधी होणार, याची चर्चाही कुठे ऐकू येत नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो, पुढे साइट इन्चार्ज झालो, आता प्रोजेक्ट मॅनेजर आहे. माझी सगळी नोकरी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या साइटवर गेली. ज्या माणसाबद्दल मी बोलतो आहे त्याला कुठे साइट इन्चार्ज म्हणतात, कुठे प्रोजेक्ट मॅनेजर, लहान बिल्डरकडे नुसता सुपरवायझर. पद काहीही असो, काम एकच. स्लॅब कधी भरायचा, सळई कोणी तपासली, कव्हर ब्लॉक बसले की नाही, सेंट्रिंग कधी खोलायचं, खोदकामाची कड किती उभी ठेवायची, मजुरांच्या खोल्या कुठे बांधायच्या, हे सगळं तो ठरवतो. आर्किटेक्टचा नकाशा आणि आरसीसी कन्सल्टंटची ड्रॉइंगं उत्तम असली तरी त्यांचं पुढे काय होणार, ते या माणसावर अवलंबून असतं.

संध्याकाळी साडेसहाची वेळ धरा. सातव्या मजल्याचा स्लॅब सकाळपासून चालू आहे, शेवटच्या दोन-तीन गाड्या बाकी आहेत. ट्रॅफिकमध्ये अडकलेला ट्रान्झिट मिक्सर गेटवर येतो तेव्हा प्लांटवरून निघून तीन तास होऊन गेलेले असतात. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकात यासाठी साधारण दोन तासांची मर्यादा आहे. माल घट्ट झालेला, पंपातून सरकत नाही. ड्रायव्हर ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडायला निघतो. पंपवाला लाइन जाम होईल म्हणून ओरडतो आहे, मजूर दिवसभर उभे राहून थकलेत, व्हायब्रेटरवाल्याची शिफ्ट संपली आहे. या सगळ्यांच्या मधोमध चोवीस-पंचवीस वर्षांचा इंजिनीअर हातात पोअर कार्ड, म्हणजे या भरणीच्या नोंदीचा कागद, घेऊन उभा असतो. वरून पाणी घातलं की काँक्रीटची ताकद उतरते, हे तो पदविकेतच शिकला आहे. गाडी परत पाठवायला हवी हेही त्याला कळतं. पण गाडी परत गेली तर सहा घन मीटर माल फुकट जाणार, स्लॅबमध्ये मधेच जोड येणार आणि उद्या सकाळी ऑफिसात जाब द्यावा लागणार. तो फोन लावतो. पलीकडून सांगितलं जातं, 'घे ॲडजस्ट करून.'

आणि तो घेतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे ज्ञान आहे, पण 'नाही' म्हणण्याचा अधिकार नाही. गाडी परत पाठवली म्हणून त्याची नोकरी गेली, तर त्याच्या बाजूने उभी राहील अशी एकही संस्था या राज्यात नाही. वकिलाची सनद काढून घेता येते, म्हणून अशील काहीही म्हणालं तरी ठरावीक मर्यादेपलीकडे वकील जात नाही. सनद जाईल या भीतीनेच त्याला नकार देण्याचं बळ येतं. आमच्याकडे सनदच नाही, त्यामुळे ती भीती नाही आणि ते बळही नाही.

सेंट्रिंगचं उदाहरण घ्या. आयएस ४५६ या मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस ठेवायचे, गाळा त्याहून मोठा असेल तर चौदा दिवस. सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली एकवीस दिवस. हे आकडेही साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत. आज बऱ्याच साइटवर फ्लायॲश मिसळलेलं सिमेंट येतं, त्याला ताकद धरायला आणखी वेळ लागतो. पण सेंट्रिंगच्या ठेकेदाराकडे प्लेटा आणि जॅक मोजकेच असतात, ते वरच्या मजल्याला हवे असतात. मग पाचव्या-सहाव्या दिवशी 'साहेब, खोलू का?' अशी विचारणा सुरू होते. काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचा निकाल आलेला नसतो, बार चार्ट मात्र मागे पडलेला असतो. या प्रश्नाला काय उत्तर मिळतं यावर वर राहायला येणाऱ्या कुटुंबांची सुरक्षितता ठरते, आणि ते उत्तर देणाऱ्याची पात्रता कोणी, कधीही तपासलेली नसते.

आपल्याकडच्या दुर्घटनांची यादी आपण जाणताच. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती इमारतच बेकायदा होती, तो प्रश्न वेगळा. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत पडली, ३१ जण गेले. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत स्लॅब कोसळून ९ मजूर गेले. जून २०१९ मध्ये कोंढव्यात शेजारच्या सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि १५ जण झोपेतच गेले, त्यात लहान मुलंही होती. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची इमारत पडून १६ जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात रात्रीच्या वेळी पायाच्या कामात सळईची जाळी अंगावर पडून ५ मजूर गेले. प्रत्येक प्रकरणाची कारणं वेगळी आहेत, आणि त्यांचा निवाडा करायला न्यायालयं आहेत. माझं म्हणणं एवढंच की अशा दुर्घटनांमागचे कितीतरी निर्णय नकाशावर होत नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी खोल्या उभ्या करायच्या का, सळईची उभी जाळी धिऱ्यांशिवाय ठेवायची का, रात्री काम चालू ठेवायचं का, या प्रश्नांची उत्तरं साइटवरच द्यावी लागतात आणि तीही त्याच दिवशी.

अपघात झाल्यावर साइट इंजिनीअर आणि सुपरवायझर यांची नावं सगळ्यांना आठवतात. सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात पोलिस सर्वांत आधी त्यांनाच शोधतात. तोपर्यंत हीच नावं कुठेही नसतात. कोणत्याही साइटच्या गेटवरचा फलक पाहा. विकासक, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, कायदा सल्लागार, कधी कधी लँडस्केप डिझायनरसुद्धा. साइट इन्चार्ज नाही. आपल्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडलं तरी तेच. एजंट दिसतो, सीए दिसतो, रोज सकाळी हेल्मेट घालून स्लॅबवर चढणारा माणूस दिसत नाही. मेलेल्यांची जबाबदारी ज्याच्यावर टाकता, त्याच्यावर जिवंतांची जबाबदारी आधी रीतसर का सोपवत नाही?

रेरा कायद्यात तपासणी नाहीच, असं मी म्हणत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायचे आणि ते काढताना अभियंता, आर्किटेक्ट आणि सीए यांचे दाखले जोडायचे, ही तरतूद चांगली आहे. पण तो दाखला मुख्यतः काम किती टक्के झालं, खर्च किती झाला हे सांगतो. तो देणारा अभियंता साइटवर रोज असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी तो महिन्यातून एखादी चक्कर मारतो. महापालिकाही सुपरवायझरला परवाना देते, तो शिक्षण आणि अनुभवाच्या कागदांवर. त्या परवान्यावरची सही एकाची आणि साइटवर उभा राहणारा दुसराच, हा प्रकार आमच्या व्यवसायात सर्वांना माहीत आहे. त्यावर उघड बोललं जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकासकाची असते. चौथ्या वर्षी पार्किंगच्या छतातून पाणी गळू लागलं, सळई गंजून काँक्रीट सुटू लागलं, की सोसायटी विचारते, हा स्लॅब कोणी भरून घेतला? सांगणारं कोणी नसतं. तोपर्यंत त्या साइटवर तीन इन्चार्ज येऊन गेलेले असतात. कोण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, याची कुठेही नोंद नसते. क्यूब रजिस्टर आणि पोअर कार्डं एखाद्या खोक्यात बांधून गोदामात जातात, साइट ऑफिस मोडताना तीही रद्दीत जातात.

आपल्याच राज्यातले दुसरे व्यवसाय पाहा. साखर कारखान्यात बॉयलर चालवणाऱ्याकडे सरकारी परीक्षा पास केल्याचं प्रमाणपत्र असावं लागतं. वीजजोडणीचं काम परवानाधारक वायरमन आणि सुपरवायझरच करू शकतात. चंद्रपूर, वणीकडच्या कोळसा खाणींना १९५२ च्या खाण कायद्यापासून एक नेमलेला व्यवस्थापक लागतो, आणि मोठी खाण सांभाळायची तर त्याने खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र मिळवलेलं असावं लागतं. खाणीत जीव धोक्यात असतो हे शंभर वर्षांपूर्वी मान्य झालं. तीस मजल्यांच्या टॉवरच्या साइटवर तो धोका कमी असतो का? सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा, वास्तुविशारदांचा १९७२ चा. अभियंत्यांसाठी असा कायदा अजूनही झालेला नाही. पदवी मिळाली की आयुष्यभर कोणी विचारायला येत नाही.

प्रमाणपत्रं नाहीत असं नाही. पुण्यातच बालेवाडीला बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी निकमार ही संस्था आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स 'चार्टर्ड इंजिनीअर' हा दर्जा देते. अनेक तरुण पैसे खर्चून पीएमपी करतात. अमेरिकेत बांधकाम व्यवस्थापकांसाठी सीसीएम नावाचं प्रमाणपत्र आहे, ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंगची सनद आहे. पण आपल्याकडे यातलं काहीही घेतलं तरी ते बायोडेटावर राहतं. साइटच्या गेटवर ते कोणी मागत नाही. इथला मुलगा सौदीला गेला की आधी तिथल्या अभियंता परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कागदपत्रांची पडताळणी होते. तोच मुलगा वाकडला परत आला की त्याला कोणी काही विचारत नाही.

जपानचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. तिथे १९४९ पासून बांधकाम व्यवसायाचा कायदा आहे. बांधकाम व्यवस्थापन अभियंत्यांसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे, प्रथम आणि द्वितीय अशा दोन श्रेणींची. कामाच्या ठिकाणी पात्र तांत्रिक प्रमुख नेमावाच लागतो, आणि ठरावीक रकमेपुढच्या कामावर त्याला सहसा दुसरं काम घेता येत नाही. साइटवरच्या फलकावर त्याचं नाव लिहावं लागतं. आपल्या गेटवरच्या फलकात एक ओळ वाढवायला किती खर्च येईल?

आता मागण्या. पहिली आणि सर्वांत सोपी मागणी नावाची आहे. रेरा कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रकल्पाशी संबंधित ठेकेदार, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि 'इतर संबंधित व्यक्ती' यांची माहिती द्यावी लागते. या 'इतर' मध्ये साइट प्रमुखाला आणा. त्याचं नाव, शिक्षण, अनुभव आणि कोणत्या तारखेपासून तो या साइटवर आहे, हे प्रकल्पाच्या पानावर दिसू द्या. माणूस बदलला की पंधरा दिवसांत नवीन नाव यावं, जुनं पुसलं जाऊ नये. एका माणसाच्या नावावर एका वेळी किती साइट असाव्यात यालाही मर्यादा घाला. नाहीतर सही भाड्याने देण्याचा धंदा इथेही सुरू होईल.

दुसरी मागणी परीक्षेची, आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे. ती चार पर्यायांतून एक निवडण्याची करू नका. असे प्रश्न पाठ करून घेणारे क्लास आठवड्याभरात निघतात. उमेदवाराला प्रत्यक्ष साइटवर घेऊन जा. बांधलेल्या बीमची सळई ड्रॉइंगशी ताडून पाहायला सांगा, चार चुका मुद्दाम ठेवा, त्यातल्या किती सापडतात बघा. स्लम्प घ्यायला लावा. क्यूब भरायला लावा. दीडशे मिलिमीटरच्या साच्यात माल तीन थरांत भरून प्रत्येक थर नीट ठोकणारा माणूस कोण आणि वरवर चेपणारा कोण, हे पाच मिनिटांत कळतं. मग समोर बसवून विचारा : 'आठव्या मजल्यावर स्लॅब चालू आहे, खाली एक टेकू वाकलेला दिसला, तू पहिल्यांदा काय करशील?' या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, कामात मुरलेल्या माणसाला ते विचार न करता येतं. परीक्षेबरोबर कामाची नोंदवही हवी. केलेल्या कामांची, तारखांची, वरिष्ठांच्या सह्यांची. आणि तीन-चार वर्षांनी नूतनीकरण.

तिसरी मागणी माझ्या मनाला फार जवळची आहे. ही परीक्षा मराठीत आणि हिंदीत द्यायची सोय असू द्या आणि पदवी नसलेल्यांना दार उघडं ठेवा. मी पाहिलेले उत्तम साइट इन्चार्ज सगळेच पदवीधर नव्हते. कोणी आयटीआयचा ड्राफ्ट्समन होता. कोणी धाराशिवकडून आलेला, गवंड्याच्या हाताखाली काम करत मुकादम झालेला आणि पुढे सळईचं पूर्ण ड्रॉइंग वाचू लागलेला. असा माणूस सेंट्रिंगखाली उभा राहून जॅकवर हातोडी मारतो आणि आवाजावरून सांगतो की हा भार घेत नाही. इंग्रजी फॉर्म भरता येत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवलंत, तर प्रमाणपत्र चुकीच्या माणसांकडे जाईल. त्याच्यासाठी अनुभवाच्या वर्षांची अट जास्त ठेवा, तोंडी परीक्षा कडक घ्या, पण त्याला परीक्षेला बसू द्या.

चौथी मागणी काम थांबवण्याच्या अधिकाराची. हिच्याशिवाय आधीच्या तिन्ही मागण्या कागदावर राहतील. प्रमाणित साइट प्रमुखाने धोका पाहून लेखी नोंद करून काम थांबवलं, तर ती नोंद महारेराकडे जावी, आणि कारण दूर झाल्याचं त्याने किंवा स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून दिल्याशिवाय ते काम पुढे जाऊ नये. त्यानंतर ठरावीक काळात त्याला काढून टाकलं, तर विकासकाने आपल्याला कारण कळवावं. आणि त्याने धोका दिसत असून सही केली, तर त्याचं प्रमाणपत्र जावं. सुरक्षा अधिकाऱ्यावर हे सोपवून चालणार नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने तो पाचशे मजुरांच्या साइटलाच सक्तीचा केला होता, नव्या कामगार संहितेत तो आकडा अडीचशे झाला. आपल्याकडच्या बहुसंख्य साइटवर शंभरही मजूर नसतात.

साइट प्रमुख आपल्याकडे नोंदणी करत नाही, म्हणून तो आपल्या कक्षेत येत नाही, असं उत्तर मिळेल याची मला कल्पना आहे. विकासक मात्र आपल्या कक्षेत येतो. त्याला निर्देश देण्याचा अधिकार कलम ३७ ने आपल्याला दिला आहे, आणि सरकारला शिफारस करण्याचं काम कलम ३२ ने सोपवलं आहे. नावाची मागणी आपण निर्देशाने पूर्ण करू शकता. परीक्षेसाठी शासनाला शिफारस पाठवा.

बांधकाम व्यावसायिक म्हणतील, आणखी एक परवाना, आणखी एक खिडकी. लहान शहरातल्या बिल्डरची अडचण खरी आहे. भूखंड पाचशे चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका आठहून जास्त असल्या की रेराची नोंदणी लागू होते, आणि तालुक्याच्या गावी एवढ्या प्रकल्पाला प्रमाणित माणूस लगेच मिळणार नाही. म्हणून सुरुवात उंच इमारतींपासून करा, पुढे टप्प्याटप्प्याने खाली या. पण एक कॉलम तोडून पुन्हा भरायला किती खर्च येतो, हे त्याच व्यावसायिकांना विचारा. प्रमाणपत्राची फी त्यापुढे काहीच नाही. माझ्या काही सहकाऱ्यांनाही परीक्षा नको आहे. वीस वर्षं साइटवर घालवल्यावर पुन्हा परीक्षा कशाला, असं ते विचारतात. ज्यांना वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना या परीक्षेची भीती वाटायचं कारण नाही. उलट त्या अनुभवाला पहिल्यांदाच कुठेतरी अधिकृत किंमत मिळेल, आणि पगार ठरवताना ती मोजावी लागेल.

शेवटची विनंती पद्धतीबद्दल. याचा मसुदा कराल तेव्हा तो मराठीतही प्रसिद्ध करा आणि सुनावण्या फक्त वांद्र्याला घेऊ नका. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथे घ्या. पुण्याकडची सुनावणी अमावास्येला ठेवा. त्या दिवशी बऱ्याच साइट बंद असतात, त्यामुळे इंजिनीअर, सुपरवायझर, मुकादम सगळ्यांना येता येईल. सुट्टीचा दिवस मोडून ते येतील. मी स्वतः चार साइटवरच्या माणसांना घेऊन येईन, आणि पोअर कार्ड कसं भरतात, ते कुठे खोटं भरलं जातं, हे आपल्यासमोर कागदावर दाखवीन.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक प्रोजेक्ट मॅनेजर (स्थापत्य),
पिंपरी-चिंचवड